दुसऱ्याच्या वाट्याची हवा

पाण्याखाली जाणाऱ्याच्या पाठीवर साधारणपणे 12 लिटरचा पोलादी सिलिंडर असतो. तो 232 बारपर्यंत, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 232 पट दाबाने भरला, की त्यात सुमारे 2,800 लिटर हवा मावते. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ शांतपणे पोहणाऱ्या डायव्हरला मिनिटाला वीसेक लिटर हवा लागते, म्हणजे हा सिलिंडर सव्वादोन तास पुरावा. पण 20 मीटर खोलीवर दाब तिप्पट होतो, प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा खर्ची पडते आणि सव्वादोन तासांचा साठा पाऊण तासावर येतो. तोही सगळा वापरायचा नसतो. ब्रिटनमधल्या डायव्हिंग क्लबांत सुरुवातीलाच एक नियम शिकवतात : एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश परत यायला, आणि उरलेल्या एक तृतीयांशाला हात लावायचा नाही.

ही हात न लावायची हवा कोणाची, असं आमच्या प्रशिक्षकाने विचारलं होतं. अडचणीच्या वेळी ज्याची त्याला, असं वर्गातून उत्तर आलं. तो म्हणाला, "ती तुमच्या बडीची आहे. तुम्ही ती फक्त वाहून नेता." बडी म्हणजे पाण्यातला जोडीदार. एकट्याने कोणी पाण्यात उतरत नाही. प्रत्येकाला एक बडी असतो आणि वर येईपर्यंत दोघांनी एकमेकांच्या हाताच्या अंतरात राहायचं असतं.

ब्रिटनमधल्या प्लिमथला मी हायड्रोग्राफी शिकायला गेले होते. समुद्राचा, खाडीचा, जलाशयाचा तळ मोजून त्याचा नकाशा करण्याचं हे शास्त्र. अभ्यासाच्या जोडीला विद्यापीठातल्या डायव्हिंग क्लबात शिरले. तिथे शिकलेलं बरंच काही आज बंदरांच्या सर्वेक्षणाचं काम करताना उपयोगी पडतं, पण मनात सगळ्यात खोल बसलं ते प्रशिक्षकाचं हे वाक्य. पाचोडच्या आमच्या घरी ते कोणी बोलून दाखवलं नव्हतं. तिथलं स्वयंपाकघर मात्र त्यावरच चालायचं.

पाचोड पैठण तालुक्यात, सोलापूर-धुळे महामार्गावर आहे. गावाचं नाव आजूबाजूच्या जिल्ह्यांत पोचलं ते मोसंबीच्या बाजारामुळे. मोसंबी हे पाण्यावर जगणारं झाड आम्ही कमी पावसाच्या मुलखात लावलं. बहार धरण्यासाठी त्याला आधी ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, मग खत घालून पुन्हा पाणी सोडायचं. किती ताण द्यायचा हे झाडाकडे बघून कळतं, पण ताण तोडायच्या दिवशी विहिरीत पाणी असावंच लागतं. 2012-13 च्या दुष्काळात ते नव्हतं. जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांत तेव्हा बागाच्या बागा वाळल्या. काहींनी टँकरने पाणी घालून झाडं जगवली, काहींनी बागेवर जेसीबी फिरवला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अर्धी बाग तोडली आणि उरलेल्या अर्धीला पाणी दिलं. कोणती अर्धी तोडायची हे ठरवायला त्यांना बरेच दिवस लागले.

घरात आजी होती. 1972 चा दुष्काळ तिने भर संसारात पाहिलेला. खडी फोडायला गेलेली बाई ती. मिलोची तांबडी भाकरी आणि सुकडी तिने खाल्ली होती. त्यानंतर तिने आयुष्यभर घरातलं पीठ संपू दिलं नाही. उन्हाळ्यात गच्चीवर कुरड्या, पापड, सांडगे, बाजरीच्या खारोड्या वाळत पडायच्या. येसर भाजून, दळून डब्यात भरलेलं असायचं. भाजी नसली तरी येसराची आमटी आणि भाकरी होतेच. रोजच्या स्वयंपाकात घरच्या माणसांपेक्षा दोन भाकरी जास्त पडायच्या. मी एकदा म्हटलं, उरतात तर कशाला करायच्या? आजी म्हणाली, "आपल्यापुरतंच रांधू नये बाई. कोण येईल सांगता येतं का?" कोणी ना कोणी यायचंच. नाही आलं, तर सकाळी त्याच भाकरी चुरून, कांदा-तिखटाची फोडणी देऊन आम्ही खायचो.

पोहायला मी विहिरीत शिकले. अण्णांनी पाठीला रिकामा डबा बांधला, कमरेला दोर लावला आणि पायऱ्यांवरून पाण्यात सोडलं. दोराचं दुसरं टोक त्यांनी हातात धरलं होतं. आमच्या भागात मुलींना विहिरीत उतरवणारे बाप त्या वेळी फारसे नव्हते. कॉलेजला संभाजीनगरला गेले, तेव्हा टी.व्ही. सेंटर भागात मैत्रिणींबरोबर रूम करून राहिले. गावाकडून एसटीने डबा यायचा. मराठवाड्यातली किती तरी मुलं अशा डब्यांवर शिकली. आई सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे पिशवी द्यायची आणि आम्ही स्टँडवर जाऊन ती घ्यायचो. डब्यात नेहमी माझ्या भुकेपेक्षा जास्त असायचं, कारण रूमवर आम्ही किती जणी आहोत हे आईला माहीत होतं.

अशा घरातून मी प्लिमथला पोचले. बँकेचं शैक्षणिक कर्ज होतं. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येतं. त्या कमाईत जेवण, बस आणि बाकीचं सगळं बसवायचं. डायव्हिंग हा पैसेवाल्यांचा खेळ असतो अशी माझी समजूत होती. बाहेर रीतसर शिकायला गेलं तर खर्च मोठाच येतो. विद्यापीठाच्या क्लबांचं गणित वेगळं असतं. 1953 मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश सब-अॅक्वा क्लबने तिथे जी पद्धत रुजवली, तिच्यात आधी शिकलेले सभासद नव्यांना फुकट शिकवतात. सूट, सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारा रेग्युलेटर, फुगवता येणारं जॅकेट हे सगळं सामाईक असतं. वर्गणी भरायची, बोटीच्या खर्चाचा वाटा उचलायचा आणि उरलेलं श्रमांनी फेडायचं.

मी सामानाच्या खोलीचं काम मागून घेतलं. त्या खोलीला ओल्या निओप्रीनचा आणि रबराचा वास कायमचा चिकटलेला होता. समुद्रातून आलेलं सगळं गोड्या पाण्यात बुचकळून धुवायचं, मीठ राहिलं तर झडपा आणि बकलं धरतात. रेग्युलेटर धुताना त्याच्या तोंडावरचं टोपण घट्ट बसवायचं, आत पाण्याचा थेंब जाता कामा नये. सूट जाड दांडीवर वाळत घालायचे. प्रत्येक सिलिंडरवर तपासणीची तारीख ठोकलेली असते. ब्रिटनमध्ये अडीच वर्षांनी आतून डोळ्यांनी तपासायचा आणि पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली. तारीख टळलेला सिलिंडर कितीही चांगला दिसला तरी भरायचा नाही. कॉम्प्रेसरवर हवा भरताना घाई केली तर सिलिंडर तापतो, काटा 232 दाखवतो आणि थंड झाल्यावर आकडा खाली उतरतो. ज्याने तो नेला, त्याच्या वाट्याची तेवढी हवा कमी झाली. म्हणून हळू भरायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा मोजायचं. मी भरलेला सिलिंडर पाठीवर घेऊन दुसरंच कोणी तरी खाली जाणार असायचं. ते काम करताना कंटाळा कधी आला नाही.

हिवाळाभर प्रशिक्षण तरणतलावात चालायचं. पाण्याखाली मुखवटा काढून पुन्हा लावणं, तोंडातला रेग्युलेटर सोडून परत शोधणं, बडीच्या जॅकेटवरचा पिवळा जादा रेग्युलेटर घेऊन श्वास घेणं. हे शेवटचं आम्ही इतक्या वेळा केलं, की हात आपोआप तिकडे जायला लागला. खाली बोलता येत नाही म्हणून खुणा पाठ करायच्या. आपल्याकडे अंगठा वर केला की छान. पाण्याखाली त्याचा अर्थ वर चला. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं कडं करून दाखवायचं. उतरण्यापूर्वी दोघांनी एकमेकांचं सामान तपासायचं. हवा चालू आहे का, जॅकेट फुगतं का, कुठलं बकल कसं सुटतं. स्वतःच्या सामानाची खात्री असली तरी ते दुसऱ्याने हात लावून बघायचं, कारण वेळ आली तर ते बकल दुसऱ्यालाच सोडवायचं असतं.

तिथल्या स्वयंपाकघरात आम्ही सहा जण होतो आणि शेगडी विजेची. आच डोळ्यांना दिसत नाही, भाकरी फुगवायला विस्तव नाही. त्यात छताला धुराची घंटा. मिरची-मोहरीची फोडणी तडतडली, की ती वाजायची आणि सगळी इमारत थंडीत बाहेर उभी राहायची. यावर उपाय निघाला. रविवारी दुपारी खिडक्या उघडून, पंखा लावून, मंद आचेवर मोहरी, जिरं, हिंग आणि हळदीची फोडणी एकदाच करायची आणि बरणीत भरून ठेवायची. आठवडाभर तीच चमच्याने वरून घालायची. ज्वारीचं पीठ आशियाई किराण्यात मिळायचं, पण बहुतेक वेळा ते जुनं, विरी गेलेलं असायचं. थापताना भाकरी कडेला चिरायची. मग उकळत्या पाण्यात उकड काढून मळायचं. तरीही जमलं नाही, तर त्याच पिठात गव्हाचं पीठ आणि बेसन घालून धपाटे करायचे. धपाटे दोन दिवस टिकतात, वर्गात न्यायला बरे पडतात आणि थंडही खाता येतात.

स्वस्तात जेवायचं तर तिथल्या मातीत आणि तिथल्या दुकानात जे मुबलक आहे त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. कोबी, गाजर, बटाटा, कांदा बारमाही स्वस्त. पिवळ्या वाटाण्याची डाळ हरभऱ्याच्या डाळीच्या जागी चालते, भिजवून वाटली की तिचा झुणका होतो. मसूर डाळ पटकन शिजते, वीज कमी लागते. गोठवलेला पालक ताज्यापेक्षा स्वस्त पडतो आणि डाळीत घातला की नीट मिळून येतो. संध्याकाळी दुकानं बंद व्हायच्या सुमाराला त्या दिवशीच संपवायच्या मालावर पिवळी चिठ्ठी लागते. त्यातून मेथी कधी मिळाली नाही, पण पालेभाज्या, मश्रूम आणि पाव मिळायचे. घरून आणलेला काळा मसाला आणि येसर मी चमचा सपाट करून वापरायचे. शेंगदाणे भाजून कुटलेले असले, की कुठलीही भाजी आपली होते. सगळ्यात उपयोगी पडलं पिठलं. बेसन, लसूण, मिरची, पाणी. दहा मिनिटांत होतं आणि आयत्या वेळी आलेल्या दोघांसाठी वाढवताही येतं.

क्लबच्या सहलींना मुलं बाहेरचं खायची. माशाचे तुकडे आणि बटाट्याची मोठी पुडी, नाही तर गरम पाणी ओतायचे शेवयांचे डबे. पहिल्याच्या किमतीत माझे तीन दिवस निघायचे, दुसऱ्याने भूक भागायची नाही. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. जाड सूट असला तरी अर्ध्या-पाऊण तासाने बोटं वाकेनाशी होतात. शिवाय पाण्याखाली श्वासावाटे येणारी सिलिंडरची हवा अगदी कोरडी असते, शरीरातलं पाणी कमी होतं आणि पाणी कमी पडलेल्या शरीराला दाबाचा त्रास लवकर होऊ शकतो. वर आलेल्या माणसाला गरम, पातळ आणि खारट असं काही तरी हवं असतं. हे सगळं ऐकल्यावर माझ्या डोळ्यासमोर आमटीच आली. मी मोठ्या थर्मासांत आलं, लसूण आणि येसर घातलेली मसुराची पातळ आमटी बोटीवर न्यायला लागले. सुट्टीच्या मुक्कामांना सगळ्यांची खिचडी मीच करायचे, मोठ्या पातेल्यात, सोबत कोबीची कोशिंबीर. माणशी पाऊण पौंडात सगळ्यांची पोटं भरायची. हळूहळू बाकीची मुलंही कांदा चिरायला, डाळ धुवायला यायला लागली. वेल्समधून आलेली माझी बडी पिठलं ढवळायला शिकली, आणि गुठळी न होऊ देण्यात ती माझ्यापेक्षा पटाईत झाली.

प्लिमथच्या पश्चिमेला व्हिटसँड बे नावाचा उपसागर आहे. त्याच्या तळाशी दोन जहाजं पडली आहेत. पहिलं 'जेम्स ईगन लेन' हे अमेरिकी मालवाहू जहाज. दुसरं महायुद्ध संपत आलं असताना, 21 मार्च 1945 रोजी त्याला जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. ओढत किनाऱ्याकडे आणेपर्यंत ते बसलं. माणसं सगळी वाचली. दुसरं 'सिला' ही युद्धनौका. प्लिमथच्याच गोदीत बांधलेली ही नौका 27 मार्च 2004 रोजी मुद्दाम तळाला बसवली, माशांना आणि शेवाळाला घर व्हावं म्हणून. जवळजवळ साठ वर्षांच्या अंतराने बुडालेल्या या दोन जहाजांवर समुद्राने काय काय उगवलं ते शेजारी-शेजारी बघायला मिळतं. लेनच्या फासळ्यांवर पांढऱ्या बोटांसारखी मऊ प्रवाळं दाटली आहेत, पत्र्यांच्या कपारीत ईल राहतात, पोटात पोलॅक माशांचे थवे फिरतात. मला तिथे पहिल्यांदा नाथसागराखाली, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाखाली, गेलेली गावं आठवली. जायकवाडीच्या पाण्याने आमच्या भागातल्या किती तरी घरांची जोती, पार आणि देवळं आपल्या पोटात घेतली आहेत.

प्लिमथला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या वर जातो, त्यामुळे वेळ बघूनच उतरावं लागतं. मार्च महिना होता, पाणी 9 अंशांच्या आसपास. लेनवर आम्ही 20 मीटरला होतो. एकाएकी माझ्या बडीच्या रेग्युलेटरमधून हवेचा लोट सुटला. थंड पाण्यात असं होऊ शकतं. सिलिंडरमधली दाबाखालची हवा सुटताना आणखी गार होते, आतला भाग गोठून अडकतो आणि झडप उघडीच राहते. भरलेला सिलिंडरही अशा वेळी काही मिनिटांत रिकामा होतो. तिने गळ्याजवळ हात आडवा नेऊन खूण केली, तोवर माझा पिवळा रेग्युलेटर तिच्या तोंडासमोर होता. तिने घेतला, दोन श्वास घेतले, कडं करून दाखवलं. मी तिच्या जॅकेटचा पट्टा धरला, तिने माझा. आम्ही वर निघालो.

वर यायला किती हवा लागते, तो हिशेब मी नंतर कागदावर मांडला. दोन माणसं, 20 मीटर, मिनिटाला साधारण दहा मीटर या गतीने वर यायचं, आणि सहा मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. दोघी शांत असतील, तर साडेतीनशे लिटर हवा लागते. घाबरल्या, तर त्याच्या दुप्पट. 232 बारच्या सिलिंडरचा तिसरा हिस्सा नऊशे लिटरच्या वर भरतो. नियम करणाऱ्यांनी भीतीसुद्धा हिशेबात धरली होती. मी माझ्यापुरता विचार करून आणखी दहा मिनिटं तळाशी रेंगाळण्यासाठी तो हिस्सा वापरला असता, तर वर येईपर्यंत मला त्याची उणीव जाणवलीही नसती. उणीव जाणवली असती ती तिला. बोटीवर आल्यावर तिने थर्मासच्या झाकणातून आमटी प्यायली, पुन्हा मागितली, आणि तिचे हात थरथरायचे थांबेपर्यंत मी झाकण धरून होते. पुढच्या सहलीला आम्ही दोघी त्याच जागी पुन्हा उतरलो.

साठा म्हणजे ज्याच्या हातात आहे त्याची मालमत्ता, असं आपण सहज धरून चालतो. माझ्या तालुक्याचा सगळा इतिहास या समजुतीशी झगडण्याचा आहे. जायकवाडीची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, 27 दरवाजे, आणि नाथांच्या नावाचा सागर. पण गोदावरी पैठणपर्यंत येण्यापूर्वी नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या धरणांमधून येते. वरची भरली की खालचं भरतं, आणि कमी पावसाच्या वर्षी वरचीही जेमतेम भरतात. 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा झाला, मेंढेगिरी समितीने गोदावरीच्या पाणीवाटपाचा अभ्यास केला, 2014 मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला : ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांपर्यंत पोचला नाही, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. 2016 मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं हे तत्त्व उचलून धरलं. तरीही तुटीच्या वर्षी प्रत्येक वेळी तोच वाद होतो. वरच्या शेतकऱ्याची काळजी खोटी नाही. त्याची द्राक्षं आणि त्याचा ऊस त्याला प्राणाइतकाच प्रिय आहे, जशी आम्हाला मोसंबी. पण त्याच्या धरणात राखलेल्या पाण्यात खालच्या माणसाचा हिस्सा आधीपासून आहे. आणि आम्ही खालचे तरी काय वेगळे? आमच्या कालव्याच्या शेपटाला असलेल्या गावांना आमच्याविषयी हेच म्हणायचं असतं. पाणी सोडणं म्हणजे उपकार नव्हे. वाहून नेलेलं ज्याचं त्याला देणं आहे. हे मला पटलं होतंच; लेनवरून वर येताना ते अंगाला कळलं.

आता मी मे महिन्यात पाचोडला जाते तेव्हा माझं लक्ष शेततळ्यांकडे जातं. 'मागेल त्याला शेततळे' योजना 2016 मध्ये आली आणि मराठवाड्यात ठिकठिकाणी काळ्या प्लास्टिकची तळी झाली. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि तीन मीटर खोल तळ्यात 20 लाख लिटरहून जास्त पाणी राहतं. बागांसाठी हा मोठा आधार आहे. आमची उरलेली झाडं त्यावरच तग धरून आहेत. पण विहिरीला पायऱ्या असतात, या तळ्याला नसतात. बाजू तिरप्या, त्यावर प्लास्टिक, त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर. आत गेलेल्या माणसाला पोहता येत असलं तरी वर येता येत नाही. पाय घसरतो, पुन्हा आत जातो. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावातून लेकरं बुडाल्याची बातमी येते. अनेकदा एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. वाचवणाऱ्याकडे धैर्य असतं, राखीव काही नसतं.

आमच्या तळ्यावर मी क्लबमधले नियम आणले आहेत. चारही बाजूंना खुंटीला बांधलेला, गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडलेला. काठावर हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब, तिलाही दोर. एकटं कोणी पाण्याजवळ जायचं नाही. मोटर बघायला जायचं असलं तरी जोडीने. एक पाण्यात, तर दुसरा काठावर, आणि काठावरच्याने उडी मारायची नाही, दोर किंवा ट्यूब फेकायची. चुलत भावंडांची मुलं-मुली सुट्टीत येतात, तेव्हा मी त्यांना तरंगायला शिकवते आणि त्याच्याही आधी दोर फेकायला शिकवते. मुली आता मुलांइतक्याच असतात. पाण्यात उतरण्यापूर्वी त्या एकमेकींना विचारतात, माझ्या दोराला कोण आहे?

हे करायला पैसा फार लागत नाही. एका तळ्यापुरता दोर आणि जुनी ट्यूब यांचा खर्च प्लास्टिकच्या कागदाच्या खर्चापुढे नगण्य आहे. म्हणून माझी विनंती आहे, ती शेततळं करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला, ग्रामसभेला आणि अनुदान मंजूर करणाऱ्यांना : तळ्याच्या अंदाजपत्रकात कुंपण, चार दोर आणि एक ट्यूब कागदाइतकीच सक्तीची धरा, आणि त्याशिवाय तळं पूर्ण झालं असं मानू नका. मोसंबीसाठी 20 लाख लिटर पाणी राखायची अक्कल आपल्याला दुष्काळाने शिकवली आहे. त्या पाण्यात पडणाऱ्या माणसासाठी दहा वाव दोर राखणं तेवढंच आपलं काम आहे.